साध्य कीं असाध्य? : कर्करोगाच्या पेशींतील खुणांचा अर्थ

घरांतील माणसास कर्करोग झाला आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे त्या घराच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो रोगाच्या कारणाचा नसतो आणि खर्चाचाहि नसतो. "माणूस बरा होईल ना?" एवढाच तो प्रश्न असतो. जळगांवच्या सराफबाजारांतील पेढीवाला असो, कीं साक्रीकडील कोरडवाहू शेतकरी असो, दोघेहि तो एकाच स्वरांत विचारतात. आपल्याकडील जुन्या वैद्यांनीं या प्रश्नास शास्त्राचें स्थान दिलें होतें. चरकसंहितेंत रोगांचे सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे चार वर्ग सांगितले आहेत. सहज बरा होणारा तो सुखसाध्य. परिश्रमानें बरा होणारा तो कष्टसाध्य. मुळासकट न जाणारा, परंतु उपचार चालू असेपर्यंत आटोक्यांत राहणारा तो याप्य. आणि उपायांच्या पलीकडे गेलेला तो असाध्य. चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वीं वैद्यानें रोगाचा हा वर्ग ओळखावा, असा दंडक होता.

आधुनिक वैद्यकाचा प्रयत्नहि तोच आहे. ओळखण्याचीं साधनें मात्र पालटलीं आहेत. वैद्य नाडी, वर्ण आणि स्वर पाहत असे. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र आलें आणि गांठीचा तुकडा कांचेवर ठेवून पेशींचा आकार तपासतां येऊं लागला. आतां त्याच पेशीच्या केंद्रांत शिरून तेथील जनुकांत काय बिघडलें आहे, हेंहि वाचतां येतें. या बिघाडांस जनुकीय किंवा रेणवीय खुणा असें म्हणतात. अशा खुणांचीं अक्षरें व आंकडे असलेलीं प्रयोगशाळेचीं कागदपत्रें हल्लीं धुळें-जळगांवच्या घरांतूनहि येऊं लागलीं आहेत. कोणी तीं रोग्याची जन्मपत्रिका समजून वाचतो, तर कोणी निरर्थक खर्च समजून कपाटांत टाकतो. या दोन्ही समजुतींनीं रोग्याचें नुकसान होतें. म्हणून अशी खूण काय सांगूं शकते, काय सांगूं शकत नाहीं, आणि खानदेशांत ज्याची भीति सर्वांत अधिक बाळगावी त्या मुखाच्या कर्करोगांत तिचा उपयोग कितपत आहे, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं करणें अगत्याचें आहे.

महाराष्ट्रांत या विचाराचा पाया मुंबईंत परळ येथें घातला गेला. तेथील टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं झालें आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उचलली. १९४५ सालीं त्यांनीं सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. संवयींमुळें उद्भवणारे भारतांतील तीन कर्करोग, हा त्याचा विषय होता. धोतर कंबरेस घट्ट कसण्यामुळें कंबरेच्या त्वचेवर होणारा एक; चुट्ट्याची पेटती बाजू तोंडांत धरून ओढणारांच्या टाळूस होणारा दुसरा; आणि तंबाखू-चुन्याची गोळी ओठामागें धरून ठेवणारांच्या खालच्या ओठाच्या खोबणींत होणारा तिसरा. जेथें घर्षण किंवा दाह नित्य होई, नेमका तेथेंच रोग उगवे. अमुक जातीच्या रक्तांतच हा रोग आहे, असें म्हणण्यापूर्वीं त्या जातीच्या संवयी पाहाव्या, हा धडा त्या निबंधानें घालून दिला.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं हाच विचार पेशींच्या आंत नेला. त्यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. एम्. एस्सी.साठीं त्यांनीं अभ्यास केला होता तो सीताफळाच्या कुलांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविल्यावर त्या अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत गेल्या, आणि शरीराबाहेर कांचेच्या पात्रांत पेशी जगविण्याची विद्या घेऊन स्वदेशीं परतल्या. मुंबईस त्यांनीं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, आणि स्तनाच्या कर्करोगांत आनुवंशिकता, अंतःस्राव व विषाणु यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हें उंदरांवरील प्रयोगांनीं तपासलें. आनुवंशिकता हा त्या विणींतील एक धागा आहे, संपूर्ण वस्त्र नव्हे, हा या प्रकारच्या संशोधनाचा इत्यर्थ आहे; आणि पुढील सर्व विवेचनांत तो ध्यानांत ठेवावयास हवा.

ऊतिसंवर्धन हा शब्द जळगांव जिल्ह्यांतील केळीच्या बागायतदारांस नवा राहिलेला नाहीं. बाटल्यांत वाढविलेलीं केळीचीं रोपें रावेर-यावलच्या शिवारांत आतां सर्वत्र लावलीं जातात. एकाच मातृवृक्षाच्या पेशींपासून झालेलीं हीं हजारों रोपें परस्परांशीं तंतोतंत जुळावयास हवीं, आणि तीं बहुधा तशीं जुळतातहि. तथापि क्वचित् एखादें रोप खुजें किंवा निराळ्याच पानांचें निघतें. हा फरक मातृवृक्षाकडून आलेला नसतो. पेशी एकीच्या दोन व दोहोंच्या चार होत असतां कोठें तरी नकलेंत चूक झालेली असते, आणि त्या चुकलेल्या पेशीपासून पुढची सारी वाढ झालेली असते.

मनुष्याच्या शरीरांतहि असेंच घडतें. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर सुमारें वीस हजार जनुकें असतात. पेशीनें केव्हां वाढावें, केव्हां थांबावें आणि निकामी झाल्यावर केव्हां मरावें, याचे हुकूम कांहीं जनुकांत लिहिलेले असतात. तंबाखूंतील विषारी द्रव्यांनीं, उन्हानें, कांहीं विषाणूंनीं किंवा केवळ वाढत्या वयानें या हुकुमांच्या अक्षरांत चुका होतात. एका चुकीनें बहुधा कांहीं बिघडत नाहीं. वर्षानुवर्षें चुका सांचत जाऊन वाढविणारा हुकूम कायमचा चालू राहिला आणि थांबविणारा हुकूम पुसला गेला, म्हणजे ती पेशी स्वच्छंदपणें वाढूं लागते. हाच कर्करोग होय. याचा अर्थ असा कीं, प्रत्येक कर्करोग जनुकांचा रोग असला तरी प्रत्येक कर्करोग आनुवंशिक नसतो. बहुतेक रोग्यांत हे बिघाड केवळ गांठीच्या पेशींत असतात. ते आईबापांकडून आलेले नसतात आणि मुलाबाळांकडे जात नाहींत. शंभर रोग्यांपैकीं सुमारें पांच ते दहांतच मूळ दोष जन्मतः आलेला असतो. "जनुकांची तपासणी" असे शब्द कानीं पडतांच ज्या घरांत मुलींच्या लग्नाची काळजी सुरू होते, तेथें हा भेद आधीं समजावून सांगितला पाहिजे.

आतां या खुणा रोगाचें भवितव्य कसें सांगतात तें पाहावें. १९६० सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या दीर्घकालिक रक्तकर्करोगाच्या पेशींत नेहमींपेक्षां तोकडें असें एक गुणसूत्र आढळलें. तें तोकडें कां, याचा उलगडा १९७३ सालीं जॅनेट राऊली यांनीं केला. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागीं जोडले गेले होते. या चुकीच्या जोडणीनें दोन जनुकांचें एक नवें संयुक्त जनुक होतें, आणि तेंच पेशीस अहोरात्र वाढण्याचा हुकूम देत राहतें. हा हुकूम बंद करणारें इमॅटिनिब नांवाचें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. त्यापूर्वीं हा रोग झालेला मनुष्य बहुधा कांहीं वर्षांचाच सोबती असे. या औषधानें उपचार सुरू केलेल्या रोग्यांचा दहा वर्षें पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासांत, त्यांपैकीं ८३.३ टक्के रोगी दहा वर्षांनंतर हयात असल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. गोळी घेत राहावी, रक्तांतील त्या संयुक्त जनुकाचें प्रमाण ठराविक मुदतीनें मोजून घ्यावें आणि आपला कामधंदा करावा, असें या रोग्यांचें जीवन झालें आहे. चरकाच्या भाषेंत बोलावयाचें तर असाध्याच्या पंक्तींतील रोग याप्याच्या पंक्तींत येऊन बसला. या औषधाच्या एका रूपावरील एकाधिकाराची मागणी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं फेटाळली, त्यामुळें देशांत तयार होणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

स्तनाच्या कर्करोगाची कथा याहून अधिक बोधप्रद आहे. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं असें दाखविलें कीं, ज्या गांठींत 'हर-२' नांवाच्या जनुकाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात, त्या गांठी लवकर उलटतात आणि त्या स्त्रियांचें आयुष्य कमी भरतें. ही खूण त्या वेळीं केवळ अशुभवार्ता होती. परंतु ज्या जनुकामुळें रोग उग्र होतो त्याच्याच प्रथिनावर नेम धरणारें औषध शास्त्रज्ञांनीं तयार केलें, आणि १९९८ सालीं तें मान्य झालें. तेव्हांपासून 'हर-२' असणें ही औषध लागू पडण्याची आशा ठरली. तात्पर्य, खुणा दोन प्रकारच्या असतात. एक भवितव्य सांगते: उपचार कोणताहि असो, रोगाची चाल मंद आहे कीं शीघ्र, हें तिच्यावरून कळतें. दुसरी उपाय सुचविते: अमुक औषध या गांठीवर चालेल कीं नाहीं, हें ती सांगते. कांहीं खुणा, 'हर-२'प्रमाणें, दोन्ही कामें करितात. प्रयोगशाळेचा कागद हातीं आल्यावर डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच कीं, ही खूण यांपैकीं कोणत्या प्रकारची आहे? भवितव्य सांगणारी खूण ऐकून मन घट्ट करावें लागतें. उपाय सुचविणारी खूण ऐकून कामाला लागावें लागतें.

जन्मतः येणाऱ्या दोषांचा प्रकार याहून निराळा आहे. स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग कांहीं घराण्यांत पिढ्यान् पिढ्या कां दिसतो, याचा माग काढतांना मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं १७ व्या गुणसूत्राकडे बोट दाखविलें. १९९४ सालीं 'बीआरसीए-१' हें जनुक हातीं लागलें आणि लवकरच 'बीआरसीए-२' हेंहि सांपडलें. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनहि येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याचा संभव निम्मा असतो. दोष असलेल्या प्रत्येकीस रोग होतोच असें नाहीं, परंतु संभव पुष्कळ वाढतो. म्हणून ज्या घराण्यांत तरुण वयांतच स्तनाचा कर्करोग झाला असेल, किंवा आई, मावशी, आत्या, बहीण अशा दोघीतिघींस तो झाला असेल, त्यांनीं जाणत्या समुपदेशकाचा सल्ला घेऊन तपासणीचा निर्णय करावा. कळलेला दोष झांकून ठेविल्यानें नाहींसा होत नाहीं. वेळोवेळीं तपासणी केल्यानें मात्र त्याचा घाला चुकवितां येतो. यांत कुळाच्या अब्रूचा प्रश्न कोठेंच येत नाहीं.

खानदेशच्या दृष्टीनें मात्र मुख्य प्रश्न तोंडाच्या कर्करोगाचा आहे. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील १५ वर्षांवरील माणसांपैकीं २६.६ टक्के माणसें कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू सेवन करीत होतीं, आणि त्यांत बहुसंख्य तंबाखू चघळणारीं होतीं. चंची सोडावी, चुन्याची डबी काढावी, तळहातावर मळून बार गालांत धरावा आणि मग कामाला हात घालावा, ही रीत शेतांत, गिरणींत आणि कचेरींतहि चालत आली आहे. बायका भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांस लावतात. गुटख्यावर राज्य शासनानें २०१२ सालीं बंदी घातली. परंतु कायद्यानें पुडी दुकानांतून हलविली तरी खिशांतून हलविणें घरच्या माणसांच्याच हातीं आहे. बार जेथें ठेविला जातो त्या गालाच्या व हिरडीच्या सांध्यांत भारतीय माणसाचा हा विशिष्ट कर्करोग उगवतो. खानोलकरांच्या निबंधाची आठवण येथें सहजच होते.

या कर्करोगाचीं जनुकें वाचण्याचें काम भारतानेंच हातीं घेतलें, हें उचित झालें. निरनिराळ्या कर्करोगांच्या जनुकांचा नकाशा तयार करण्यासाठीं जगांतील अनेक राष्ट्रें एकत्र आलीं, तेव्हां हिरडी व गाल यांच्या कर्करोगाचा भाग भारताच्या वांट्यास आला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जीववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील 'ॲक्ट्रेक' ही संशोधनशाळा यांनीं तें काम केलें. ५० रोग्यांच्या गांठींतील जनुकें वाचून आणि आणखी ६० रोग्यांत पडताळा पाहून त्यांनीं २०१३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'टीपी-५३', 'फॅट-१', 'कॅस्प-८', 'एच-रास', 'नॉच-१' हीं पूर्वीं माहीत असलेलीं पांच जनुकें त्यांत वारंवार बिघडलेलीं आढळलीं आणि आणखी पांच नवीं सांपडलीं. यांपैकीं 'टीपी-५३' हें जनुक म्हणजे पेशीच्या गांवचा जागल्या होय. नकलेंत चूक दिसली कीं तो पेशीस थांबवितो, आणि चूक सुधारण्याजोगी नसेल तर पेशीस मरावयास लावतो. जागल्याच नाहींसा झाला म्हणजे चोरांस रान मोकळें होतें. 'कॅस्प-८' पेशीच्या मरणाचा हुकूम बजावणारें जनुक आहे. अशा बिघाडांवरून रोग्यांचे कांहीं गट पडतात आणि त्यांपैकीं कांहीं गटांत शस्त्रक्रियेनंतर रोगमुक्त राहण्याचा काळ अधिक असतो, असेंहि या संशोधनांत दिसून आलें.

हें संशोधन मोलाचें आहे. परंतु येथेंच एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. गालाच्या कर्करोगाचा रोगी शस्त्रवैद्यापुढें येतो तेव्हां त्याचें भवितव्य ठरविणाऱ्या मुख्य खुणा अजूनहि जनुकांच्या बाहेरच्याच आहेत. गांठ केवढी आहे, ती किती खोल रुतली आहे, मानेंतील अवधानांत रोग पोंचला आहे कीं नाहीं, आणि गांठ काढतांना तिच्या कडेला निरोगी भाग पुरेसा मिळाला कीं नाहीं, या त्या खुणा होत. रोगाची पायरी ठरविण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या आठव्या आवृत्तींत गांठीच्या खोलीचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि ती खोली मिलिमीटरांत मोजतात. मानेच्या अवधानांचें महत्त्व टाटा रुग्णालयांतीलच एका प्रयोगानें जगास पटविलें. तोंडांतील गांठ लहान आहे आणि मानेंत हातास कांहीं लागत नाहीं, अशा रोग्यांचे दोन गट केले. एका गटांत तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेंतील अवधानेंहि काढलीं. दुसऱ्या गटांत मानेंत रोग दिसेपर्यंत वाट पाहिली. पहिल्या ५०० रोग्यांचा हिशेब २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटांतील ८० टक्के रोगी हयात होते, तर दुसऱ्या गटांतील ६७.५ टक्के. दर आठ रोग्यांमागें एक जीव वांचविणारा हा फरक कोणत्याहि नव्या महागड्या औषधानें पडला नव्हता. योग्य शस्त्रक्रिया योग्य वेळीं केल्यानें तो पडला.

एका अवयवाची खूण दुसऱ्या अवयवास लावण्याचा मोहहि टाळावा. घशाच्या मागील भागांत, गिलायुंत किंवा जिभेच्या मुळाशीं होणारा कर्करोग कधीं कधीं पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें होतो आणि तो उपचारांस चांगला वश होतो. २०१० सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत असा विषाणु असलेल्या रोग्यांपैकीं ८२.४ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, आणि विषाणु नसलेल्यांपैकीं ५७.१ टक्के. ही खूण घशाच्या त्या भागापुरतीच खरी. गालांत तंबाखूनें झालेल्या रोगास ती लावून आनंद मानणें, म्हणजे तापीच्या पुराचें मोजमाप पांझरेवर घेण्यासारखें होय.

या सर्व टक्केवारीचा अर्थहि नीट समजला पाहिजे. तालुक्याच्या पावसाची सरासरी सांगतां येते. पण अमुक शेतावर या मृगांत किती पडेल, हें त्या सरासरीवरून कळत नाहीं. शंभरांतील ऐंशी वांचतात हें विधान शंभरांविषयीं आहे. समोर बसलेला एकटा रोगी ऐंशींतला कीं विसांतला, हें तें सांगत नाहीं. म्हणून चांगली खूण ऐकून उपचार अर्धवट सोडणें आणि वाईट खूण ऐकून रोग्यास घरीं परत आणणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. वाईट खुणेच्या रोग्यास तर अधिक दक्षतेनें उपचार द्यावयाचे असतात. ती खूण त्यासाठींच पाहिलेली असते.

मग घरच्या माणसांनीं काय करावें? गांठीचा किंवा चट्ट्याचा तुकडा तपासावयास दिल्यानें रोग चाळवतो, ही समजूत प्रथम मनांतून काढून टाकावी. तोंडांतील चट्ट्याचा तुकडा तज्ज्ञानें रीतसर काढल्यानें रोग पसरतो, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. तो न काढल्यानें मात्र निदान होत नाहीं आणि महिने वायां जातात. काढलेला तुकडा प्रयोगशाळेंत मेणाच्या लहानशा ठोकळ्यांत बसवून ठेवितात. तो ठोकळा, त्याच्या कांचपट्ट्या आणि सर्व कागद यांस घराच्या उताऱ्याइतकेंच जपावें. पुढें मुंबईस जावें लागल्यास त्याच ठोकळ्यावरून पुष्कळशा जनुकीय तपासण्या होऊं शकतात, आणि तो हातीं नसल्यास रोग्यास पुन्हां सुई-शस्त्र सोसावें लागण्याचा संभव असतो. एखादी महागडी तपासणी कोणी सुचविल्यास एकच प्रश्न विचारावा: "हिचें उत्तर एक आलें किंवा दुसरें आलें, तर उपचार बदलणार आहे काय?" बदलणार असेल तर ती करावी, बदलणार नसेल तर ते पैसे रोग्याच्या प्रवासास, आहारास आणि सोबतच्या माणसास उपयोगी पडतील. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तोंडाच्या कर्करोगांत शस्त्रक्रिया ठरली असतां जनुकांच्या कागदाची वाट पाहत ती लांबणीवर टाकूं नये. पेशी कागदासाठीं थांबत नाहींत.

खानदेशांतून "टाटाला नेलें" असें म्हणतात, तेव्हां त्यामागें चाळीसगांव किंवा भुसावळवरून रात्रभराचा रेल्वेप्रवास, परळच्या रुग्णालयांतील दीर्घ रांग आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणचा मुक्काम असतो. हा प्रवास पुष्कळदां उशिरा घडतो, हें खरें दुःख आहे. वस्तुतः आरंभाची तपासणी घराजवळ होऊं शकते. धुळें आणि जळगांव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. तोंड पाहणें आणि तुकडा तपासणें यासाठीं प्रथम तेथें जावें. राज्य शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश असल्यामुळें, खर्चाच्या भीतीनें दुखणें लपविण्याचेंहि कारण पूर्वींइतकें उरलेलें नाहीं.

तोंडाच्या कर्करोगापूर्वीं बहुधा कांहीं वर्षें शरीर सूचना देत असतें, आणि ती ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. जन्मभर भरताची वांगी आणि झणझणीत ठेचा खाणाऱ्या माणसास एकाएकीं तिखट सोसेनासें होतें. गालाच्या आंतून पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. दोनतीन आठवडे होऊनहि एखादी जखम भरत नाहीं. गाल आंतून ताठर होऊन तोंड पुरतें उघडत नाहीं. स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून तीं समोरच्या दांतांमधून आंत जात नसतील, तर डॉक्टरांकडे जावें. ही खूण पुसट आहे, तोंवरच तंबाखू सोडण्याचें फळ मोठें असतें. कारण ज्या पेशींचीं अक्षरें अजून पुरतीं बिघडलेलीं नाहींत, त्यांस तेवढें जीवदान मिळतें.

जनुकांच्या खुणा वाचण्याची विद्या दिवसेंदिवस वाढत जाणार, आणि गालाच्या कर्करोगांतहि ती आज ना उद्यां शस्त्रवैद्याच्या हातास हात देईल, अशी आशा करण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु साध्य रोग असाध्य होतो तो बहुतेक वेळां पेशींतील अक्षरांइतकाच पंचांगांतील तिथींनीं होतो: लग्न उरकूं द्या, पेरणी होऊं द्या, दिवाळी जाऊं द्या, असें म्हणत गेलेल्या तिथींनीं. जनुकें पालटणें मनुष्याच्या हातीं नाहीं. तिथि मात्र घरांतील कर्त्या माणसांच्या हातीं आहे. घरांत तंबाखू खाणारें कोणी असेल, तर आज दिवा जवळ घेऊन त्याचें तोंड आंतून पाहावें. आणि शंका आली, तर उद्यांची तिथि चुकवूं नये.